पाण्याचा वार

प्रति,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या सभागृहातील १२८ नगरसेवक व नगरसेविका यांस,

विषय : थेरगावातल्या एका निवृत्त फिटरच्या घरी पाणी कोणत्या वारी येतं, याबाबत.



हे पत्र लिहिणारा माणूस स्वतःला ‘अर्जदार’ म्हणवतो, त्यात विनय वगैरे काही नाही. पिंपरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून त्याची अडतीस वर्षं गेली. रजेचा अर्ज, पतपेढीच्या कर्जाचा अर्ज, पाळी बदलून मिळण्याचा अर्ज. प्रत्येकात ‘मी’च्या जागी ‘अर्जदार’ लिहायचं, हे हेडक्लार्कने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. नोकरी सुटली, सवय राहिली. आज वय बहात्तर, मुक्काम थेरगाव, डांगे चौकातून चालत दहा मिनिटांवर.

अर्जदाराच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. चतुर्थी, एकादशी, गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि पेन्सिलीची टिंबं. टिंब म्हणजे पाणी. २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहराला एक दिवसाआड पाणी मिळतं, आणि एक दिवसाआडाचं गणित आठवड्यात बसत नाही. आठवड्याचे दिवस सात, त्यामुळे या सोमवारी आलेलं पाणी पुढच्या सोमवारी येत नाही. सम-विषम तारीख धरून चालावं, तर एकतीस तारखेला आलेलं पाणी पुढे दोन तारखेला येतं आणि महिनाभराचा हिशेब उलटा होतो. बाजाराला वार असतो, उपासाला वार असतो, पाण्याला नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या दिवशी अर्जदाराची पत्नी चष्मा लावून बसते आणि टिंब देत जाते. सहा वर्षं झाली, एकही टिंब चुकलेलं नाही. पाणी मात्र कधीमधी चुकतं.

‘अहो, उद्या टिंब आहे. मोटर बघून ठेवा,’ एवढं एक वाक्य आदल्या रात्री कानावर आलं की अर्जदाराची ड्यूटी लागते. निवृत्त माणसाला घरात काय काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी टिंबाच्या सकाळी यावं. साडेपाचला उठायचं. नळात आधी हवा बोलते, फुसफुसते, मग दोन-तीन उचक्या. पहिली बादली गढूळ, ती तुळशीला आणि कुंड्यांना. मग खालचा हौद, हौदातून मोटरने वरची टाकी, पिण्याची कळशी वेगळी, न्हाणीघरातलं पिंप वेगळं. मधेच वीज गेली तर सगळंच खोळंबतं. शेजारच्या बैठ्या चाळीत तर हे काम एका माणसाचं नाहीच. तिथल्या धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका टिंबाच्या दिवशी उशिरा कामाला जातात आणि इमारतींत वरच्या मजल्यावरच्या वहिनींची बोलणी खातात. वरच्या मजल्यावर टाकीमुळे नळ रोजच चालतो, त्यामुळे खाली आज काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो.

एक दिवसाआड पाणी दिल्याने पाणी वाचतं, हा हिशेब फिटरला पटत नाही. नवं पाणी आलं की घराघरात काल-परवाचं पाणी ओतून दिलं जातं. ‘शिळं पाणी’ हा शब्द अर्जदाराच्या आईने कधी ऐकला नसेल. नदीचं पाणी शिळं होत नसतं. पण पिंपातलं होतं, आणि बायाबापड्या ते मोरीत ओततात, ताजं भरतात. उद्या येईल याची खात्री नाही म्हणून जरुरीपेक्षा जास्त भरायचं, आणि आलं की उरलेलं टाकायचं. ही दोन्ही कामं एकाच सकाळी होतात.

याहून वाईट गोष्ट जमिनीखाली घडते. पाइप भरलेला असतो तेव्हा आतला दाब बाहेर ढकलत असतो. जॉइंट फुटला तर पाणी बाहेर येईल, घाण आत जाणार नाही. पाइप रिकामा झाला की आत दाब राहत नाही, आणि उताराच्या बाजूला पाणी निथळून जाताना मागे ओढ तयार होते. त्यात एखाद्या घराने थेट नळालाच मोटर लावलेली असली तर ती पाइपातली हवासुद्धा खेचते. मग ज्या फटीतून काल पाणी गळत होतं, त्याच फटीतून आज शेजारच्या ड्रेनेजचं पाणी आत येतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात, जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण धडाधड निघाले आणि दूषित पाण्यावर संशय गेला. तेव्हा थेरगावातही लोक उकळलेलं पाणी पिऊ लागले. महिनाभर पीत होते. नंतर गॅस महाग वाटला.

आता थोडं मागचं. ते वगळून चालणार नाही.

अर्जदार कराडकडचा. १९७२ च्या दुष्काळात त्याच्या वडिलांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि घरात मिलोची, म्हणजे रेशनवरच्या लाल ज्वारीची, भाकरी खाल्ली गेली. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने कळशी भरायची, हे काम एकोणीस वर्षांच्या पोराकडे होतं. पुढच्या वर्षी एका पाहुण्याच्या ओळखीने तो पिंपरीला आला. म्हणजे पाणी नव्हतं म्हणून या शहरात आला. असा तो एकटा नव्हे. तुमच्या प्रभागात सत्तरी ओलांडलेला कोणीही गाठा आणि विचारा. सातारा, सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद. दहातले सहा तरी बहात्तरचं नाव घेतील.

पिंपरी-चिंचवडची नगरपालिका तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती, १९७० ची. महापालिका व्हायला १९८२ साल उजाडायचं होतं. थेरगाव म्हणजे शेतं, पदमजी पेपर मिलचा भोंगा आणि नदी. बसने चिंचवडला उतरायचं आणि पुढचं अंतर पायी. केजुदेवीच्या बंधाऱ्याजवळ रविवारी मेस बंद असलेली पोरं कपडे धुवायला जायची. वाळूत हाताने झिरा काढायचा, पहिलं पाणी काढून टाकायचं, दुसऱ्यांदा साचलेलं प्यायचं. अर्जदाराच्या मोठ्या मुलाला पोहायला तिथेच शिकवलं, कमरेला वाळका भोपळा बांधून.

आता त्याच बंधाऱ्यावर फेस येतो. पांढरा, दाट, नागपंचमीला वाहिलेल्या लाह्यांसारखा. मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगल्याच्या बातम्या केजुदेवीच्या घाटावरून एकदा नव्हे, अनेकदा आल्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देशातल्या प्रदूषित नद्यांच्या यादीत पवनेचा रावेत ते दापोडी हा पट्टा आहे. नीट बघा. रावेतला बंधारा आहे, तिथून शहर पिण्याचं पाणी उचलतं. त्याच्या खाली नदी मुळेला मिळेपर्यंत तिचं जे होतं, ते त्याच शहराचं कर्तृत्व. थेरगाव या पट्ट्याच्या मधोमध. उन्हाळ्यात बोट क्लबजवळ जलपर्णी इतकी दाट होते की बगळे तिच्यावर चालतात. अर्जदाराची नात विचारते, ‘आबा, तुम्ही खरंच यात पोहायचात?’ अर्जदार हो म्हणतो. तिचा विश्वास बसत नाही, आणि त्यात तिचा दोष नाही.

पाणी येतं कुठून, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच, तरी अर्जात नोंद असलेली बरी. मावळात पवना धरण. तिथून पाणी नदीपात्रातच सोडतात, पस्तीसेक किलोमीटर वाहत ते रावेतला येतं, उपसून निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात जातं, शुद्ध होऊन शहरभर टाक्यांत. रोजचं पाचशे दशलक्ष लिटरच्या आसपास. या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले शेकडो खातेदार पन्नास वर्षांनंतर आजही पर्यायी जमिनीची वाट पाहत आहेत.

नदीतून येताना पाणी वाया जातं, घाण होतं, म्हणून धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं. मावळच्या शेतकऱ्यांना वाटलं, नदीत पाणीच सोडलं नाही तर आपले पंप कोरडे पडतील. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन, पोलिसांचा गोळीबार, तीन ठार. दोन पुरुष, एक बाई.

त्याच वर्षी अर्जदार निवृत्त झाला होता. त्या संध्याकाळी टीव्हीवर ती दृश्यं बघताना त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. हे वाक्य नाटकी वाटेल, पण तसंच होतं. रोज संध्याकाळी असायचा. पाणी खाली ठेवलं नाही, प्यायलाच. पण तेव्हापासून कोणी ‘आपल्या हक्काचं पाणी’ म्हटलं की त्याच्या मनात बऊरचा तो रस्ता येतो. बारा वर्षं प्रकल्पावर स्थगिती होती, २०२३ मध्ये राज्य सरकारने ती उठवली. मावळचा विरोध उठलेला नाही.

पक्षांचा विषय काढायचा तर कोणालाच हात झटकता येणार नाहीत. गोळीबार झाला तेव्हा राज्यात आघाडीचं सरकार होतं आणि पालिका राष्ट्रवादीकडे. २०१७ मध्ये भाजपला ७७ जागा मिळाल्या, पालिका पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली, आणि एक दिवसाआड पाणी त्यांच्या काळात आलं. धरण त्या वर्षी काठोकाठ भरलं होतं. सर्वांना समान आणि पुऱ्या दाबाने पाणी मिळावं, असं कारण सांगितलं गेलं. सोय तात्पुरती होती. मग १३ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासकांचं राज्य सुरू झालं. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारखांवर तारखा. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला संक्रांत उलटावी लागली. पावणेचार वर्षं वीस लाखांच्या वर वस्तीच्या शहराला एकही निवडून दिलेला नगरसेवक नव्हता. तात्पुरती सोय दोन्ही अमलांत टिकली.

विरंगुळा केंद्रात रोज सकाळी नऊ ते साडेदहा आमचं सभागृह भरतं. सदस्य बारा, त्यांतले दोघे कमी ऐकतात, त्यामुळे चर्चा चढ्या आवाजात. ट्रम्पच्या आयात शुल्काने चाकणच्या कारखान्यांचं काय होईल इथपासून ते लाडक्या बहिणीच्या पंधराशेपर्यंत सगळं निघतं. इथे एक गणित नेहमी मांडलं जातं. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाची ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार आहे. अर्जदाराला दोन हजार एकशे चाळीस मिळतात. बहिणींच्या पंधराशेबद्दल कोणाची तक्रार नाही, निदान घरी जाऊन कोणी करत नाही. पण अर्जदाराच्या इमारतीला उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, आणि त्याच्या वाट्याला येणारा मेंटेनन्स पेन्शनीच्या वर जातो. अडतीस वर्षांची नोकरी आणि टँकर यांत टँकर जड भरतो. पेन्शन दिल्लीचा विषय, तो तुमच्याकडे आणत नाही. टँकर तुमचा.

प्रचारात अर्जदाराच्या दारी आलेल्या प्रत्येकाने चोवीस तास पाण्याचं सांगितलं. चार बटणं दाबायची होती, चारही अर्जदाराने दाबली, कोणती ते सांगणार नाही. चोवीस तास पाण्याच्या योजनेत आधी केंद्राच्या जेएनएनयूआरएमचा पैसा आला, नंतर अमृतचा. रस्ते खणले गेले, निळे-काळे पाइप पडले, मीटर बसले. आता भामा आसखेडमधून १६७ दशलक्ष लिटर आणायचं, पवनेची बंद वाहिनी पुरी करायची, आणि पुढे मागे मुळशीचंही मागायचं, असं बोललं जातं. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. ते पाणी जवळपास शंभर वर्षं सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज करतं आणि समुद्राला जातं. ते इकडे वळलं तर अर्जदाराची ना नाही.

पण आधी एक हिशेब.

कारखान्यात स्टोअरमधून शंभर किलो लोखंड उचललं, साठ किलोचे जॉब निघाले आणि उरलेल्या चाळीस किलोचा पत्ता नाही, असं झालं असतं तर संध्याकाळपर्यंत स्टोअरकीपर घरी बसला असता. सुपरवायझरने ‘साहेब, अजून साठ किलो मागवू का?’ असं विचारलं असतं तर तोही. शहरात शुद्ध केलेल्या पाण्यातलं गळती आणि चोरी मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं, हा आकडा पालिकेच्याच वर्तुळातून वर्षानुवर्षं येत आहे. पाचशेचे चाळीस टक्के म्हणजे दोनशे. आकडा जास्त वाटत असेल तर पस्तीस धरा, एकशे पंचाहत्तर. भामा आसखेडमधून जे आणायचं आहे ते एकशे सदुसष्ट. म्हणजे ज्याच्यासाठी डोंगर ओलांडून वाहिनी टाकायची, त्याच्यापेक्षा जास्त पाणी आपल्या पायाखाली हरवलेलं आहे.

त्यातलं सगळंच मातीत जात नाही, हे अर्जदार जाणून आहे. काही अनधिकृत नळांतून वस्त्यांतल्या माणसांच्या पोटात जातं, आणि त्याला चोरी म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांना नळ द्या, मीटर द्या, बिल द्या. हरवलेलं आणि वापरलेलं निदान वेगळं तरी मोजता येईल.

अशक्य असतं तर अर्जदाराने कागद वाया घालवला नसता. त्याची धाकटी बहीण कराडला लागून असलेल्या मलकापूरला दिलेली आहे. तीसेक हजार वस्तीचं गाव, कोयनेचं पाणी. तिथे पंधरा वर्षांहून अधिक काळ नळाला चोवीस तास पाणी आहे. प्रत्येक घराला मीटर, थोडं वापरलं तर थोडा दर, जास्त वापरलं तर चढता. अर्जदार पहिल्यांदा राहायला गेला तेव्हा रात्री अकराला त्याने सवयीने कळशी भरून ठेवली. बहीण हसली. ‘दादा, नळ कुठं पळून चाललाय?’ तिच्या घरात पिंप नाही. हौद होता, त्यात भाच्याने स्कूटर ठेवली आहे.

मलकापूर लहान, आपण मोठे, हे उत्तर तयार असेल. ओडिशातल्या पुरीत जुलै २०२१ पासून नळाचं पाणी थेट पिण्याजोगं आणि चोवीस तास मिळतं, आणि रथयात्रेला तिथे लाखोंची रीघ लागते. शिवाय मोठं शहर म्हणजे तरी काय? एका टाकीखाली एक भाग, असे अनेक भाग. थेरगावातल्या एखाद्या टाकीखाली मलकापूरच्या मानाने फार मोठी वस्ती नसावी. मलकापूरकर देवाघरून आलेले नाहीत. त्यांनी मोजलं, एवढंच.

तरी विनंती अशी. सभागृहात पहिल्या तीन महिन्यांत ठराव कशाकशाचे होतील ते होवोत, चौकांना नावं द्यायची ती द्या. एक काम मात्र करा. प्रत्येक प्रभागातल्या प्रत्येक टाकीचा महिन्याचा हिशेब वाचून दाखवा : टाकीतून किती सोडलं, मीटरवर किती पोचलं. दोनच रकाने. तो कागद विरंगुळा केंद्रात लावा, वाचनालयात लावा, रेशनच्या दुकानात लावा. इथे प्रत्येक गल्लीत निवृत्त फिटर, टर्नर, इन्स्पेक्टर बसलेले आहेत. मायक्रोमीटरवर शंभरावा भाग वाचणारी ही माणसं आहेत, फुकट तपासून देतील. आणि तो दुसरा रकाना पहिल्याच्या जवळ येत नाही तोवर मावळात, खेडमध्ये वा मुळशीत कोणाकडे जादा पाणी मागायला जाऊ नका. गेलात तर वाटेत बऊर लागेल.

हिशेबाची घाई का, तर शहराची जी जनगणना आपण हाती धरता ती २०११ ची आहे, १७ लाख २७ हजारांची. त्यानंतर वाकड, पुनावळे, ताथवडे कसे वाढले ते डांगे चौकाच्या उड्डाणपुलावरून उघड्या डोळ्यांनी दिसतं. त्या सर्वांना नळ लागणार आहेत.

अर्जदाराच्या घरी येऊन हौद, मोटर आणि कालनिर्णय पाहायचं असेल तर एकशे अठ्ठावीसपैकी कोणीही यावं. चहा मिळेल. फक्त टिंबाच्या दिवशी सकाळी साडेपाच ते साडेआठ अर्जदाराला बोलायला वेळ नसतो. उद्या टिंब आहे.

आपला,
अर्जदार
थेरगाव, पुणे ३३